मालदीवचे दोन हिशेब

१७ ऑक्टोबर २००९ रोजी मालदीवच्या मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या तळाशी भरली. राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद आणि त्यांचे सहकारी मंत्री पाठीवर हवेच्या टाक्या बांधून गिरीफुशी बेटाजवळच्या उथळ पाण्यात उतरले, तिथे मांडलेल्या टेबलांभोवती बसले आणि जगाने कार्बन उत्सर्जन कमी करावे अशा निवेदनावर त्यांनी सह्या केल्या. हवामान बदलाची जागतिक परिषद जवळ आली की हे छायाचित्र आजही आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते. खाली कुणीतरी लिहिते, ‘बिचारा देश, काही वर्षांत नकाशावरून पुसला जाणार.’

छायाचित्र खरे आहे. पण त्यातून आपल्या मनात जी गोष्ट तयार होते ती फार सोपी आहे. बाकीचे जग धूर सोडते, समुद्र चढतो, एक निष्पाप देश बुडतो. या गोष्टीत मालदीवच्या माणसांना बुडण्याखेरीज काही कामच उरत नाही. त्यांनी काय मागितले, काय मिळवले, स्वतःच्या बेटांचे काय केले, कुणाला विचारून केले, हे प्रश्नच येत नाहीत.

आमचे म्हणणे असे की मालदीवपुढे दोन हिशेब आहेत. एक जगाकडून मागायचा आहे, दुसरा सरकारने आपल्याच लोकांना द्यायचा आहे. पहिला न्याय्य आहे म्हणून दुसरा माफ होत नाही आणि दुसऱ्यात खोट निघाली म्हणून पहिला रद्द होत नाही. हे दोन्ही हिशेब एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवता आले, तर मालदीव कळतो. आणि आपल्यासारख्या हक्कांची भाषा बोलणाऱ्या तरुणांना त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

देश कशाचा बनला आहे?

मालदीवमध्ये सुमारे १,१९० बेटे आहेत. ती उत्तरेकडून दक्षिणेकडे साधारण ८७० किलोमीटर पसरली आहेत. वस्ती आहे ती दोनशेपेक्षा कमी बेटांवर. सगळी जमीन एकत्र केली तरी जेमतेम ३०० चौरस किलोमीटर भरते, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी. लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर आणि त्यातले सुमारे ४० टक्के लोक राजधानी मालेच्या परिसरात राहतात. देशातली ८० टक्क्यांहून अधिक जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरपेक्षा कमी उंचीवर आहे.

हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्याला ‘कंकणद्वीप’ म्हणतो त्याचे इंग्रजी नाव ‘अटॉल’, आणि हा शब्द मालदीवच्या दिवेही भाषेतून जगात गेला. इब्न बतूता चौदाव्या शतकात तिथे काझी होता. या बेटांवरच्या कवड्यांच्या बदल्यात बंगालमधून तांदूळ येतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. हिंदी महासागराच्या व्यापारात चलन म्हणून फिरणाऱ्या कवड्यांचा मोठा पुरवठा मालदीवमधून होत असे. आज आपण एखादी वस्तू ‘कवडीमोल’ ठरवतो, तेव्हा या बेटांवरून आलेले नाणे नकळत वापरत असतो.

ही बेटे खडकाची नाहीत, वाळूची आहेत. ही वाळू डोंगरातून नदीने आणलेली नाही. प्रवाळ नावाचे लहान जीव समुद्रात चुन्याचा सांगाडा बांधतात. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सांगाड्यांतून प्रवाळभिंत उभी राहते. लाटा तिच्यावर फुटतात आणि किनाऱ्यापर्यंत त्यांचा जोर ओसरतो. तिचे तुकडे झिजून वाळू बनते, ती वाळू लाटा बेटावर आणून टाकतात. यात पॅरटफिश नावाच्या माशाचा वाटा मोठा आहे. तो प्रवाळखडक चोचीने खरवडून खातो आणि पोटातून बारीक वाळू बाहेर टाकतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाच्या प्रवाळभिंतीवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू या माशांमुळे तयार होते असे आढळले.

म्हणजे जिवंत प्रवाळभिंत हीच बेटाचा बंधारा आहे, वाळूचा कारखाना आहे आणि माशांची पाळणाघरेही तिथेच आहेत. शिवाय ती मोडली तर स्वतःची दुरुस्ती स्वतः करते. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा यंत्रणेसाठी रात्र रात्र जागतो आणि तरीही ती आम्हाला जमत नाही.

हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या सातशेहून अधिक प्रवाळबेटांची जुनी-नवी हवाई छायाचित्रे ताडून २०१९ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. गेल्या काही दशकांत यांतल्या जवळपास ९० टक्के बेटांचे क्षेत्रफळ टिकले किंवा वाढले होते. याचा अर्थ हवामान बदल खोटा आहे असा काढणारे महाभाग आहेत. खरा अर्थ वेगळा आहे. प्रवाळ जिवंत असेल आणि वाळूची ये-जा मोकळी असेल, तर बेट समुद्राशी जुळवून घेते. प्रवाळ मेला किंवा वाळूची वाट सिमेंटने अडवली, की ही क्षमता जाते. शिवाय बेट बुडण्याच्या कितीतरी आधी पिण्याचे पाणी जाऊ शकते. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. एक मोठी लाट बेटावरून गेली की विहिरी खाऱ्या होतात. २००४ च्या सुनामीनंतर अनेक बेटांवर हेच झाले.

पहिला हिशेब: जगाकडून

एप्रिल १९८७ मध्ये दूर दक्षिणेकडच्या वादळातून उठलेल्या लाटा मालेवर आदळल्या. राजधानीचा मोठा भाग आणि विमानतळ पाण्यात गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले आणि समुद्रपातळी वाढली तर आपला देश संपेल, हे त्यांनी जगाला सांगितले. हवामान बदल हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांतही फारसा येत नव्हता. नोव्हेंबर १९८९ मध्ये मालदीवने लहान देशांची परिषद मालेमध्ये भरवली आणि समुद्रपातळीवरचा माले जाहीरनामा मंजूर करून घेतला. पुढच्याच वर्षी लहान बेटराष्ट्रांची आघाडी स्थापन झाली.

या आघाडीकडे सैन्य नव्हते, पैसा नव्हता, बाजारपेठही नव्हती. होती ती आकडेवारी, एकजूट आणि चिकाटी. समुद्रपातळी वाढीची भरपाई करणारी विमा व्यवस्था हवी, ही मागणी तिच्या वतीने वानुआतूने १९९१ मध्येच मांडली. ‘हानी आणि नुकसान’ निधी स्थापन करण्याचा निर्णय शर्म-अल-शेखच्या परिषदेत झाला तो २०२२ मध्ये. एकतीस वर्षे गेली. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचे उद्दिष्ट आले, त्यामागेही या आघाडीचा रेटा होता. त्या वर्षी आघाडीचे अध्यक्षपद मालदीवकडे होते.

तरुणांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक घटना. २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवले की हवामान बदलाचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतूच्या सरकारने तो उचलला, २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने सल्लागार मत दिले. हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडले तर नुकसानभरपाईपर्यंतचे परिणाम होऊ शकतात, असे त्या मताचे सार आहे. वर्गातल्या चर्चेतून सुरू झालेली गोष्ट सहा वर्षांत तिथपर्यंत गेली.

मालदीवची मागणी न्याय्य का आहे, हे एका आकड्यात सांगता येते. जगाच्या एकूण उत्सर्जनात या देशाचा वाटा सुमारे ०.००३ टक्के आहे. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगातली समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढली आणि वाढीचा वेग आता जास्त आहे. हे पाणी मालदीवच्या चुलींमुळे वाढलेले नाही.

दुसरा हिशेब: घरातला

आता दुसरे पान उलटू. १९८७ च्या त्या लाटा मालेला एवढ्या का लागल्या? वादळ दूरचे होते, पण मालेभोवतीची उथळ प्रवाळपट्टी त्याआधीच्या काही वर्षांत भराव टाकून बुजवली होती. जागा हवी होती म्हणून शहर जवळजवळ प्रवाळभिंतीच्या कडेपर्यंत सरकले होते. लाटेचा जोर जिथे ओसरायचा ती पट्टीच उरली नव्हती. घरांसाठी आणि बांधकामासाठी प्रवाळाचे दगड काढण्याचे कामही तेव्हा जोरात होते. नंतर जपानच्या मदतीने मालेभोवती सिमेंटच्या टेट्रापॉडची भिंत उभी राहिली. २००४ च्या सुनामीत तिने राजधानीला मोठ्या नुकसानीपासून वाचवले, हेही मान्य करायला हवे. पण निसर्ग जे काम फुकट करत होता, त्यासाठी पुढे कोट्यवधी डॉलर लागले.

हाच प्रकार पुढे वेगवेगळ्या बेटांवर होत राहिला. उत्तरेकडच्या कुळुधुफुशी बेटावर मोठे कांदळवन होते. तिथल्या बायका नारळाची सोडणे त्या चिखलात कुजवून काथ्या वळत आणि त्यावर घर चालवत. २०१७ नंतर विमानतळासाठी त्या कांदळवनाचा मोठा भाग बुजवला गेला. विमान आले, काथ्याचे खड्डे गेले, लाटांचे आणि पावसाचे पाणी जिरण्याची जागाही आटली. ह्यूमन राइट्स वॉचने २०२३ च्या अहवालात म्हटले की मालदीवचे सरकार विकास प्रकल्पांत पर्यावरणाचे स्वतःचेच कायदे बऱ्याचदा बाजूला ठेवते.

दक्षिण टोकाचे अड्डू हे कंकणद्वीप २०२० मध्ये युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत आले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तिथल्या उथळ समुद्रात वाळू उपसून नवी जमीन तयार करण्याचे मोठे काम झाले. प्रवाळ आणि सागरी गवताचे पट्टे गाडले जातील, हे प्रकल्पाच्या स्वतःच्या पर्यावरण अहवालातच नोंदवलेले होते. अहवालात धोका लिहिला म्हणजे धोका टळला, अशी एक सरकारी समजूत असते. ती आपल्याकडेही आहे.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. भराव हा नेहमीच लोभाचा प्रकार नसतो. मालेजवळचे हुलहुमाले हे बेट १९९७ पासून भराव टाकून तयार केले गेले आणि ते समुद्रसपाटीपासून सुमारे दोन मीटर उंच ठेवले. मालेच्या एका खोलीत तीन पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना तिथे घर मिळाले. २००४ च्या सुनामीत कंधोलुधू हे दाट वस्तीचे बेट राहण्याजोगे उरले नाही. तिथल्या साडेतीन-चार हजार लोकांना काही वर्षे तात्पुरत्या निवाऱ्यांत काढावी लागली आणि मग त्याच कंकणद्वीपातल्या धुवाफारू या निर्जन बेटावर त्यांचे नवे गाव वसले. त्या सुनामीत देशात ८२ जण मरण पावले, २६ बेपत्ता झाले आणि नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६२ टक्के होते. अशा देशाला ‘काही बांधू नका’ असा उपदेश दूर बसून करणे सोपे आहे.

म्हणून प्रश्न बांधायचे की नाही, हा नाही. कुठे बांधायचे, काय गमावून बांधायचे आणि ज्याचे गमावणार त्याला आधी विचारले का, हा आहे. राजधानीत घर नसलेल्या कुटुंबासाठी टाकलेला भराव आणि नव्या रिसॉर्टसाठी किंवा निवडणुकीपूर्वीच्या घोषणेसाठी टाकलेला भराव यांत फरक करता आला पाहिजे. मालदीवच्या २००८ च्या राज्यघटनेचे २२ वे कलम सांगते की आजच्या आणि उद्याच्या पिढ्यांसाठी निसर्गाचे रक्षण करणे हे राज्याचे मूलभूत कर्तव्य आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर ही बेटे सरकारची मालमत्ता नाहीत, अमानत आहेत. अमानतीचा हिशेब द्यावा लागतो.

एकाच तारेवर लटकलेला देश

४ डिसेंबर २०१४ रोजी मालेच्या पाणी कंपनीत आग लागली. समुद्राचे पाणी गोडे करणारा शहरातला प्रकल्प बंद पडला आणि लाखाहून अधिक लोकांच्या नळाला पाणी येईनासे झाले. भारताने ‘ऑपरेशन नीर’ राबवून विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचवले. आमच्या क्षेत्रात याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात. एक जागा बिघडली की सगळेच बंद. त्यावर उपाय म्हणजे पर्यायी व्यवस्था आधीच तयार ठेवणे: साठवण, दुसरा प्रकल्प, घराघरांत पावसाच्या पाण्याच्या टाक्या.

विजेचेही तसेच. बेटांवरची वीज मुख्यतः बाहेरून आणलेल्या डिझेलवर चालते. तेलाचा भाव चढला की देशाची तिजोरी हलते. नशीद यांनी २००९ मध्ये दहा वर्षांत कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याची घोषणा केली होती. त्यांना २०१२ मध्ये पद सोडावे लागले आणि २०२० हे लक्ष्याचे वर्ष आले तसे गेले. नंतरच्या सरकारने आंतरराष्ट्रीय मदत मिळाल्यास २०३० पर्यंत हे लक्ष्य गाठू, असे म्हटले. आताचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू यांनी २०२३ च्या दुबई परिषदेत २०२८ पर्यंत ३३ टक्के वीज अक्षय स्रोतांतून देण्याचे वचन दिले आहे.

घोषणांपेक्षा शांतपणे झालेले काम जास्त बोलके आहे. आशियाई विकास बँकेच्या मदतीने अनेक बेटांच्या डिझेल केंद्रांना सौर पॅनेल आणि बॅटरी जोडण्याचा कार्यक्रम २०१४ पासून चालू झाला. जागतिक बँकेने गुंतवणूकदारांना पैसे बुडणार नाहीत अशी हमी दिल्यावर सौर विजेच्या निविदांमधले दर काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. सूर्य तोच होता, पॅनेलही साधारण तीच होती. जोखीम कुणी उचलायची, हे ठरल्यावर दर उतरले. गरीब आणि लहान देशांना हवामानाच्या कामासाठी पैसा महाग पडतो, तो असा.

जे त्यांना आधीपासून येते

शाश्वत विकास म्हटले की आपल्याला परदेशी सल्लागारांचे स्लाइड शो आठवतात. मालदीवचा सर्वांत जुना शाश्वत उद्योग शेकडो वर्षांचा आहे. तिथले मच्छीमार कुपा, म्हणजे टूना, काठी आणि गळाने एकेक करून पकडतात. जिवंत लहान मासे पाण्यात टाकून थवा होडीजवळ आणायचा आणि गळ टाकायचा. यात नको असलेले मासे, कासवे, डॉल्फिन जाळ्यात अडकून मरत नाहीत. २०१२ मध्ये या मासेमारीला आंतरराष्ट्रीय शाश्वततेचे प्रमाणपत्र मिळाले. २०१० मध्ये देशाने आपल्या सगळ्या समुद्रात शार्कच्या शिकारीवर बंदी घातली. २०११ मध्ये बा कंकणद्वीप युनेस्कोच्या यादीत आले आणि तिथल्या हनिफारू उपसागरात मांटा रे पाहायला येणाऱ्या पर्यटकांवर मर्यादा व शुल्क लागू आहे. नोव्हेंबर २०१५ पासून पर्यटकांवर हरित कर आहे. १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये राहणाऱ्यासाठी तो माणशी दर दिवशी १२ डॉलर झाला.

या यादीकडे नीट पाहा. यांतली बरीच पावले कुणी बाहेरून निधी देईपर्यंत थांबली नव्हती. कायदा करण्याची इच्छा आणि तो पाळण्याची शिस्त पुरेशी होती. उलट, मालेचा कचरा जिथे टाकला जातो त्या थिलाफुशी बेटावर तीस वर्षे उघड्यावर कचरा जळत राहिला. ते जाळणे थांबले ते २०२१ च्या सुमारास. तीच माणसे, तोच देश. जिथे लोकांचा रेटा आणि रोजीरोटी निसर्गाशी जोडलेली होती तिथे काम झाले. जिथे धूर दुसऱ्याच्या बेटावर जात होता तिथे ते रेंगाळले.

दोन्ही हिशेब जिथे भेटतात

काही मित्र विचारतील, पीडित देशाच्या चुका दाखवून आपण मोठ्या प्रदूषकांच्या हातात कोलीत देत नाही का? शंका रास्त आहे. ‘तुम्ही स्वतःच प्रवाळ गाडता, मग आम्हाला काय सांगता,’ असे म्हणायला तेल कंपन्या टपलेल्याच असतात.

याचे उत्तर प्रवाळच देतो. हवामान शास्त्रज्ञांच्या आंतरसरकारी समितीने २०१८ मध्ये सांगितले की तापमान दीड अंशाने वाढले तर जगातले ७० ते ९० टक्के उष्ण पाण्यातले प्रवाळ नष्ट होतील आणि दोन अंशांनी वाढले तर ९९ टक्क्यांहून अधिक. मालदीवने हे अनुभवले आहे. १९९८ मध्ये समुद्र तापला तेव्हा उथळ पाण्यातला बहुतेक प्रवाळ मेला. तो सावरत असतानाच २०१६ मध्ये पुन्हा मोठा फटका बसला. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर पसरलेल्या चौथ्या प्रवाळ विरंजनाची घोषणा केली.

म्हणजे मालदीवने एकही भराव टाकला नाही, तरी बाकीच्या जगाने धूर थांबवला नाही तर प्रवाळ वाचणार नाही. आणि जगाने उद्या धूर थांबवला तरी मालदीवने प्रवाळ गाडला असेल, तर सावरायला काही शिल्लक राहणार नाही. एक हिशेब दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय ज्याचे स्वतःचे कागद चोख असतात, त्याची मागणी न्यायालयात आणि परिषदेत अधिक जड पडते.

तिसरी गोष्ट पैशाची. हवामानाच्या नावाने येणारा बराच पैसा कर्ज म्हणून येतो. हानी आणि नुकसान निधीला दुबईत सुरुवातीला मिळालेली आश्वासने होती सुमारे ७० कोटी डॉलरची, तीही सगळ्या जगासाठी. मालदीव आधीच कर्जात आहे. २०२१ मध्ये काढलेल्या आणि २०२६ मध्ये मुदत संपणाऱ्या ५० कोटी डॉलरच्या सुकूकचे हप्ते भरता येतील का, अशी चिंता २०२४ मध्ये बाजारात होती. त्या वर्षी भारताने ४० कोटी डॉलरच्या चलन अदलाबदलीची सोय करून दिली. दुसऱ्याने केलेल्या नुकसानीची डागडुजी आपण व्याजाने पैसे काढून करायची, हा व्यवहार कोणत्याही अर्थाने इन्साफ नाही.

आपण कुठे आहोत?

जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांबद्दल अनुचित टिप्पण्या केल्या आणि आपल्याकडे मालदीववर बहिष्काराची लाट आली. त्या आठवड्यांत आपल्यातल्या अनेकांसमोर दोनच पर्याय ठेवले गेले: शिव्या द्या किंवा गप्प बसा. मुस्लिम देश म्हणून त्याची प्रत्येक बाजू उचलून धरणे आणि मुस्लिम देश म्हणून त्याला झोडपणे, या दोन्हींत तिथला मच्छीमार आणि काथ्या वळणारी बाई कुठेच नव्हती.

तिसरा पर्याय नागरिकाचा आहे. अड्डूचा तो भराव भारताच्या एक्झिम बँकेने दिलेल्या कर्जातून झाला. म्हणजे आपल्या देशाचा पैसा परदेशात कोणत्या अटींवर जातो, पर्यावरण अहवाल कोण वाचतो, स्थानिक लोकांना कोण विचारतो, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. त्यासाठी माहितीचा अधिकार आहे, खासदार आहेत. मालदीवला फिरायला जाणाऱ्यांनी स्थानिक वस्तीच्या बेटावरच्या गेस्टहाऊसमध्ये राहावे. २००९ नंतर सुरू झालेल्या या व्यवस्थेमुळे पर्यटनाचा पैसा गावातल्या कुटुंबांपर्यंत पोहोचतो. जे इंजिनिअर आहेत त्यांनी सौर-डिझेल जोडणी, पाण्याच्या साठवणीचे नियोजन, भरावाआधीच्या आणि नंतरच्या उपग्रह छायाचित्रांची तुलना यांत हात घालावा. ही छायाचित्रे मोफत मिळतात आणि एका लॅपटॉपवर काम होते. जे कायदा शिकतात त्यांनी हेगचे ते मत मुळातून वाचावे. मराठीत त्याचा सोपा सारांश कुणी केला, तर आम्ही तो इथे आनंदाने छापू.

आपल्या समाजात हक्क मागण्याची सवय वाढते आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्याच्या जोडीला आपल्या संस्था, आपल्या वस्त्या, आपली सरकारे यांचा हिशेब मागण्याची आणि देण्याची सवयही हवी. मालदीवच्या लोकांनी लहान देश असूनही जगाला जाब विचारायला १९८७ मध्येच सुरुवात केली. आता तिथली तरुण पिढी आपल्या सरकारलाही विचारू लागली आहे: ही प्रवाळभिंत कुणासाठी गाडली? पुढच्या वेळी समुद्राखालच्या मंत्रिमंडळाचे ते छायाचित्र ग्रुपवर आले, तर पुढे पाठवण्याआधी त्याखाली हा प्रश्नही लिहा.